चार ओळी आणि आमेन

भोरच्या चर्चमागं एक कॉलेज आहे. खोली एकच, पण पाटीवर ‘व्यापारी महाविद्यालय’ लिहिलंय. पाटी खोलीपेक्षा हातभर लांब, त्यामुळं पावसाळ्यात तिच्या टोकाखाली दोन माणसं कोरडी उभी राहतात. तिथली टायपिंगची यंत्रं मी चाळीस वर्षं दुरुस्त केली, म्हणून कॉलेजचा इतिहास मलाच विचारावा. बाकीचे लोक खोटं सांगतात.

पहिल्या पाळकसाहेबांनी तीन यंत्रं बैलगाडीतून आणली. एक नीरेत पडलं. तिसऱ्या दिवशी काढलं तर आत मासा, आणि त्याच्या पाठीवर नोकरीचा अर्धा अर्ज उमटलेला. मासा मी पाहिला नाही, पण अर्ज वाचलाय.

पाळकसाहेबांना टायपिंग शिकवता येत नव्हतं, पेटी मात्र झकास वाजवता यायची. मग त्यांनी पेटीवर उपासनेचं गीत धरलं आणि पोरांना त्याच तालात बोटं चालवायला लावलं. कडवं चार ओळींचं. चार ओळी टाइप झाल्या की हात उचलायचे, ‘आमेन’ म्हणायचं आणि मग पुढं. अजूनही भोरच्या कुठल्याही कचेरीत चार ओळींनंतर कारकुनाचे हात वर गेले की समजावं, हा आपला.

आता यंत्रांच्या जागी कॉम्प्युटर आले, पेटी तीच. ती झुबेदा मॅडम वाजवतात, तीस वर्षं त्याच शिकवतात. पास झाल्याशिवाय हजेरीपटावरचं नाव त्या काढत नाहीत. कुणी मधेच पळालं तर घरी जाऊन आणतात. एकाला तर लग्नाच्या मांडवातून उचललं. अक्षता त्याच्यावर पडल्या त्या कॉलेजातच.

यंदा पुण्याहून चर्चच्या समितीचं पत्र आलं. बारा विद्यार्थी नसतील तर कॉलेजला कुलूप. वर्गात होते अकरा. मॅडमनी पत्र वाचलं, पेटीचा भाता मिटला आणि दिवसभर तो उघडला नाही.

ठरल्या दिवशी समितीचे सचिव मानसिंगराव आले. कुणाकडं न बघणारा माणूस. अकरा डोकी मोजली, कॉम्प्युटरपाशी बसले आणि बंद करण्याचा अहवाल टाइप करू लागले. झाडलोट करणारी उत्रोलीची फुलाबाई दारात केरसुणी घेऊन उभी. चार ओळी झाल्या आणि मानसिंगरावांचे हात वर गेले.

“आमेन,” फुलाबाई सवयीनं म्हणाली. मग केरसुणीच टाकली. “अगं बया! सायेब, तुमी तर हितलंच!”

“छे, छे. काहीतरीच.”

“मग हात कुणी उचललं? म्या?”

मॅडम चष्मा पुसत पुढं झाल्या. “मानसिंग? खिडकीजवळचं यंत्र, गुंजवण्याकडची वाडी. तूच ना?”

मानसिंगराव खुर्चीतून उठले. “व्हय, मॅडम.” पुण्याची भाषा कुठं गेली कुणास ठाऊक.

“तुला न्यायला मी आले होते रे. वाडीच नव्हती. नुसतं पाणी.”

“धरणात गेली. बाप म्हणाला, आधी घर हलवू. परीक्षा राहिली ती राहिलीच.”

मॅडमनी जुना हजेरीपट काढून त्यांच्यापुढं उघडला. नाव होतं, खोडलेलं नव्हतं. “इतकी वर्षं गैरहजर मांडतेय. आज हजर मांडू का?”

मानसिंगरावांनी बराच वेळ ते नाव वाचलं. मग बसून चार ओळी पुसल्या आणि नव्यानं टाइप केलं : विद्यार्थी बारा.

आता दर शनिवारी ते एसटीनं येतात. बोटं अशी चालतात की परवा कळफलकातून धूर निघाला, फुलाबाईनं तांब्याभर पाणी ओतलं तेव्हा विझला. पण मॅडम काही त्यांना परीक्षेला बसवत नाहीत. “तुझा अंगठा जड पडतो. पुढच्या खेपेला बघू.”

मी म्हणालो, “मॅडम, अंगठा चांगला आहे की त्याचा.”

“कुंडलिक मिस्त्री,” त्या भाता ओढत म्हणाल्या, “तेरावा मिळेपर्यंत जडच राहणार.”