नारदाच्या गादीवर चिनी राजपुत्र

सावनीचा आयटम कॅन्सल झाला, हे यतीनने फोनवर सांगितलं असतं तर पुढचं रामायण घडलंही नसतं. पण तो पठ्ठ्या घरी आला, अहिल्याबाईंच्या हातचे दडपे पोहे दोनदा मागून घेतले आणि मग हात पुसत म्हणाला, "मावशी, थीम आहे 'आपल्या मातीतल्या गोष्टी'. आणि नेझा चायनीज आहे ना यार... आय मीन, मावशी."

यतीन अमेरिकेतल्या क्युपर्टिनोच्या छोट्याशा मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाचा प्रमुख. सावनी म्हणजे अहिल्याबाईंची नात, वय वर्षं बारा. ती जिन्यात बसून सगळं ऐकत होती. तीन आठवडे आरशासमोर उभं राहून तिने नेझा या चिनी बालदेवाची गोष्ट बसवली होती, तीही मराठीत.

"इट्स फाइन," ती वरून म्हणाली आणि तिच्या खोलीचं दार लागलं.

"यतीन, कुबेराच्या मुलाचं नाव सांग," अहिल्याबाई म्हणाल्या.

"कुबेराला मुलगा होता?"

"नलकूबर. भागवतात आहे. नारदाने शाप देऊन त्याचं आणि त्याच्या भावाचं झाड केलं आणि कृष्णाने उखळ ओढत नेऊन त्यांना सोडवलं. तोच हा नेझा."

हे काही त्या मनचं सांगत नव्हत्या. सावनीच्या मैत्रिणीची चेनआजी रोज लायब्ररीबाहेरच्या बाकावर भेटायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, मधे दुभाषी म्हणून या दोन मुली. एकदा चेनआजीने कागदावर नेझाच्या बापाचं चित्र काढलं. चिलखत घातलेला सेनापती आणि तळहातावर छोटासा मनोरा. अहिल्याबाई चमकल्या. असा मनोरा हातात धरलेला कुबेर त्यांनी बौद्ध चित्रांत पाहिला होता. मग आजी आणि नात लायब्ररीतून पुस्तकं आणून बसल्या. अभ्यासकांनी सगळं केव्हाच लिहून ठेवलं होतं. बौद्ध भिक्षूंच्या पोथ्यांबरोबर कुबेर चीनला गेला, वैश्रवण या नावाने. त्याचा मुलगाही गेला. नलकूबर हे लांबलचक नाव चिनी तोंडात झिजत झिजत नेझा झालं. बापावर पुढे तिथल्या ली जिंग नावाच्या खऱ्याखुऱ्या सेनापतीचं रूप चढलं, आणि मुलगा झाला त्याचा तिसरा राजपुत्र. बापाच्या हातातला मनोरा मात्र सुटला नाही.

यतीनने ऐकून घेतलं. "मावशी, रागावू नका, पण हे व्हॉट्सॲप फॉरवर्डसारखं वाटतं."

"चाळीस वर्षं संस्कृत शिकवलंय मी. फॉरवर्ड करत नाही, वाचते."

मग खरं कारण बाहेर आलं. "गोष्टीत मुलगा बापाच्या अंगावर भाला घेऊन धावतो. पेरेंट्सना नाही आवडणार."

"प्रल्हाद चालतो की तुम्हाला."

"तिथे बाप राक्षस असतो!"

"त्यालाही आपण चांगलेच बाप आहोत असं वाटत होतं, यतीन."

वीणा, त्यांची मुलगी, लॅपटॉपवरून मान वर करत म्हणाली, "आई, प्लीज. वाद नको."

यतीन उठला. "तुमचं दहा मिनिटांचं कीर्तन आहेच ना? त्यात सांगा नलकूबर. सावनीला नेक्स्ट इयर बघू."

नेक्स्ट इयर. अहिल्याबाईंना कुरुंदवाडचं देऊळ आठवलं. वडील कीर्तनकार. एका एकादशीला त्यांना यायला उशीर झाला, मंडळी ताटकळली, तेव्हा तेरा वर्षांची अहिल्या गादीवर उभी राहिली. सगळी आख्यानं पाठच होती. ऐन रंगात वडील दारातून गरजले, "खाली उतर!" नारदाच्या गादीवर उभ्या असलेल्याला राजानेही उतरवायचं नसतं, ही रीत त्यांनीच तिला शिकवली होती. स्वतः मात्र मोडली. आणि ती उतरली. पासष्ट वर्षं झाली, तो उतरलेला पाय अजून ठसठसत होता.

शनिवारी शाळेच्या भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये त्यांनी स्टेजवर पांढरी चादर चौघडी घालून अंथरली आणि यतीनला हाक मारली. "ही नारदाची गादी. इथे उभा असेल त्याला कुणी उतरवत नाही. आणि वर यायचं तर पायातलं काढून, वाकून. ठाऊक आहे ना?"

"ऑफ कोर्स, मावशी," यतीन माइकच्या वायरी सोडवत म्हणाला.

पूर्वरंग त्यांनी पाच मिनिटांत उरकला. नलकूबराचा माज, नारदाचा शाप, कडाडून पडलेली दोन झाडं. "ज्या नारदाने शाप दिला, त्याच्याच गादीवरून आज त्या पोराची पुढची हकिगत सांगायची आहे," त्या म्हणाल्या. मध्यंतराला वीणा रीतीप्रमाणे बुक्का आणि हार घेऊन आली. अहिल्याबाईंनी हार घेतला, विंगेतून सावनीला हाताला धरून आणलं आणि तिच्या गळ्यात घातला.

"पूर्वरंग माझा. उत्तररंग हिचा."

विंगेत यतीन मनगटावरचं घड्याळ दाखवू लागला. मग दोन पावलं पुढे आला. "मावशी, टाइम! तिला खाली घ्या."

अहिल्याबाई गादीच्या कडेला आडव्या उभ्या राहिल्या. माइक चालूच होता. "उतरवायचं असेल तर तू वर ये, बाळा. पण बूट काढून ये."

हॉलमध्ये खसखस पिकली. यतीनने आपल्या बुटांकडे पाहिलं आणि तो तिथेच थांबला.

सावनीचा आवाज आधी कापला. मग सरळ झाला. नेझाने समुद्राच्या राजाचा मुलगा मारला. समुद्राने नेझाच्या आईबापांना धरलं. तेव्हा त्याने आपलं मांस आईला परत केलं, हाडं बापाला परत केली. आईने चोरून त्याचं देऊळ बांधलं, बापाने ते मोडलं. मग गुरूने कमळाच्या देठापाकळ्यांतून त्याला नवं शरीर दिलं. "आणि तो बापासमोर गेला आणि म्हणाला, आता यात तुमचं काहीच नाही. धिस वन इज माइन!"

पुढच्या रांगेतले एक काका चुळबुळले. त्यांच्या मुलीने त्यांच्याकडे मुळीच पाहिलं नाही.

"देवांनी समेट केला," सावनी म्हणाली. "पण बाबा अजून हातात टॉवर घेऊन फिरतात. मुलगा पुन्हा चिडला तर कोंडायला. सो, यू नो."

हशा आणि टाळ्या एकदमच आल्या. शेवटच्या रांगेतून, नातीकडून सगळं समजून घेत बसलेली चेनआजी उठली, चालत स्टेजपाशी आली आणि तिने पायऱ्यांखाली चपला नीट जोडून ठेवल्या. इतरांना काय करायचं ते तिच्यामुळे कळलं. कीर्तन संपल्यावर कीर्तनकाराच्या पाया पडतात, वय बघत नाहीत.

सगळ्यांत आधी अहिल्याबाई वाकल्या. गुडघे कुरकुरले, पण त्या पुऱ्या वाकल्या.

"आजी! व्हॉट आर यू डूइंग?" सावनी घाबरून गादीवरून उतरायला लागली.

"उतरू नकोस," अहिल्याबाई खालूनच म्हणाल्या. "रांग आहे अजून."

रांगेच्या शेवटी यतीन उभा होता, दोन्ही बूट हातात धरून.