माझ्या साखळीला बांधलेला दत्तोबा

मित्रांनो, मी पुण्याच्या हत्तीखान्यातली एक म्हातारी हत्तीण आहे. माझे नाव सगुणा.

दूर तराईच्या जंगलात मला खड्ड्यात पाडून धरले आणि पायी चालवत पुण्यास आणले. मच्छिंद्र माहुताने मला मुजरा करायला शिकवले. सणाला पाठीवर अंबारी चढली की बायका माझ्या पायांवर पाणी घालीत. पर्वती गावचा दत्तोबा रोज माझी वैरण घेऊन येई आणि "सगुणे" म्हणून हाक मारी.

एका दिवाळीत बाहेरून चालून आलेल्या एका सरदाराने शहर जिंकले. पुण्याच्या गादीवरचे आमचे धनी, श्रीमंत, पळाले. त्या सरदाराच्या स्वारांनी दत्तोबाच्या मानेवर भाला टेकवला आणि आपल्या घोड्यांसाठी वैरण मागितली. त्याने दिली. न देऊन करतो काय?

सहा महिन्यांनी श्रीमंत परतले, ते लाल डगल्यांची विलायती पलटण घेऊन. दवंडी फिरली की गादी आता सुखरूप आहे, रयतेला न्याय मिळेल. चौथ्या दिवशी धरपकड सुरू झाली. शत्रूला वैरण दिली म्हणून दत्तोबाला हत्तीच्या पायी देण्याचा, म्हणजे हत्तीच्या पायाला बांधून मरेपर्यंत शहरभर फरफटवण्याचा, हुकूम सुटला.

त्याची बायको शकू पलटणीच्या छावणीत धावली. तोफा ओढायला मला तिथेच नेले होते, म्हणून मी सारे पाहिले. ती साहेबाच्या पाया पडली. "तुमी आलाय म्हंजी न्याव हुईल, आसं ऐकलं व्हतं. माझ्या मालकाला सोडवा!"

साहेब काही बोलला. अनंत नावाच्या दुभाष्याने ते मराठीत सांगितले, "साहेब म्हणतात, आम्ही फक्त श्रीमंतांची गादी राखतो. आतल्या कारभारात हात घालत नाही."

"मग त्यास्नी गादीवर बशिवलं कुनी?"

हे अनंतने साहेबाला सांगितलेच नाही. "उठा बाई," तो म्हणाला, "साहेबांची जेवायची वेळ झाली."

दुसऱ्या दिवशी दत्तोबाला साखळीने माझ्या मागच्या पायाला बांधले. मी त्याला वासावरून ओळखले आणि जागची हलले नाही. मच्छिंद्र रडत होता, आणि रडत रडतच माझ्या कानामागे अंकुश खुपसत होता. "चल गं बाई, नाहीतर उद्या मी बांधला जाईन." कान फाटला. मग मी चालले.

"सगुणे, थांब!" दत्तोबा ओरडत होता. थांब म्हणजे काय ते मला कळत होते. बुधवार पेठेशी ओरडणे बंद झाले. साखळी तेवढीच जड राहिली. घोड्यावरून पाहणाऱ्या साहेबाने मध्येच तोंड फिरवले होते.

पुढे पंधरा वर्षांनी त्याच पलटणीने श्रीमंतांनाही हाकलून दिले. हत्तीच्या पायी देणे रानटीपणाचे आहे, असे नव्या साहेबाने ठरवले आणि ती शिक्षा बंद केली. तिच्याऐवजी नदीकाठी फाशीचा खांब उभा राहिला. त्याचे लाकूड मीच ओढून आणले.

मित्रांनो, कोणी फौज घेऊन तुमचे भले करायला आला, तर उद्या घडेल त्याचा जाब कोण देणार, हे आजच विचारा. आम्हा जनावरांना विचारता येत नाही. आम्हाला चारा द्या, पाणी द्या. आमच्या पायाला माणूस तेवढा बांधू नका.