पंतांचा फ्रिज

फ्रिज निवडायचा तो कोथिंबिरीवरून, हे माझं ठाम मत आहे. दुकानातला माणूस लिटर सांगतो, वॉरंटी सांगतो. मागच्या भिंतीला टेकलेली जुडी सकाळपर्यंत गोठून काळी पडते की नाही, ते सांगत नाही. ते आपणच बघायचं असतं. आणि मला तर फ्रिज कोथिंबिरीसाठी नव्हे, कासवासाठी हवा होता.

कासव आमच्या इलाचं. रशियन जातीचं, तळहाताहून थोडं मोठं. तिने त्याचं नाव स्पीडी ठेवलं होतं. त्याची चाल आणि चेहऱ्यावरची कायमची नापसंती बघून मी त्याला पंत म्हणायला लागले. इला कॉलेजसाठी बॉस्टनला गेली आणि ओहायोतल्या डब्लिनच्या घरात पंत माझ्या गळ्यात पडले. गळ्यात पडले म्हणते खरी, पण लेक गेल्यावर सकाळी उठून ज्याच्यासाठी काही चिरावं, असं घरात तेवढंच उरलं होतं. नवरा सीरियल खातो.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, या वर्षी हिवाळाभर झोपू द्या याला, फ्रिजमध्ये, पाच डिग्रीच्या आसपास. फार खाली गेलं तर गोठून मरेल, फार वर गेलं तर अर्धवट जागं होऊन झिजेल. त्यावर शैलेंद्र म्हणाला, गराजमध्ये दुसरा फ्रिज आहेच की, इडलीच्या पिठाशेजारी एक खण रिकामा कर. नवऱ्याला उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय? ओहायोच्या थंडीत गराजच गोठतं, आणि त्या फ्रिजचं दार येणारा-जाणारा उघडतो.

मी दोन फ्रिज आणून परत केले. पहिल्याच्या वरच्या बाजूला बर्फाचा खण होता; त्याखालची कोथिंबीर एका रात्रीत गेली. दुसऱ्याचा पारा दार उघडलं की चढायचा आणि उतरायचं नाव घ्यायचा नाही. तिसरा बर्फाच्या खणाशिवायचा, साधा, बुटका. तो बेसमेंटमध्ये लावला, थंडावा टिकावा म्हणून पाण्याच्या बाटल्यांनी भरला आणि आठवडाभर त्यात नुसती एक जुडी आणि थर्मामीटर ठेवला. जुडी हिरवीगार राहिली. शैलेंद्रने ही गोष्ट मराठी मंडळाच्या प्रत्येक पॉटलक जेवणाला रंगवून सांगितली. लोक हसले, मीही हसण्यावारी नेलं.

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगनंतर, पंत माती भरलेल्या डब्यात झोपले. रोज एकदा दार उघडून हवा द्यायची आणि रविवारी डबा तसाच, न उघडता, काट्यावर ठेवायचा, एवढंच काम होतं. जानेवारीत मात्र मला भाच्याच्या, प्रथमेशच्या लग्नाला नाशिकला जायचं होतं. निघताना मी शैलेंद्रला एकच गोष्ट बजावली. काही कमी-जास्त झालं तर मला लगेच सांगायचं.

हे बजावायला कारण होतं. माझे बाबा गेले तेव्हा ‘सिरियस आहेत, ये’ एवढंच मला कळवलं होतं. प्रवासभर मी देवाशी भांडत होते. मुंबईला उतरले तर दादा समोर मुंडण करून उभा. मला घ्यायला म्हणून आलेला तो, आणि मी त्याच्या डोक्याकडे बघून सगळं समजले. शैलेंद्रला ते आदल्या दिवशीच माहीत होतं. माहीत असून त्याने माझ्या कोटाची चेन लावली आणि ‘होईल बरं’ म्हणाला. परदेशातल्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही, वाटेत त्रास नको, ही आपल्याकडची रीत. मी तेव्हा त्याला म्हटलं होतं, पुन्हा माझ्याशी असं वागलास तर मी तुझ्या एका शब्दावर विश्वास ठेवणार नाही. त्याने शपथ घेतली होती.

नाशिकला मी रोज विचारायची. तो व्हिडिओवर डबा दाखवायचा, काटा दाखवायचा. परत आल्यावर मी पुन्हा दार उघडायला लागले. दोन शब्द बोलायचीही, कोण ऐकतंय बेसमेंटमध्ये. वजन जराही घटलं नव्हतं. थोडं घटणारच, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मी ते माझ्या फ्रिजचं कौतुक समजले. इलाला फोनवर सांगितलं तर ती ‘दॅट्स ऑसम, आई’ म्हणाली आणि लगेच परीक्षेचं काढलं.

मार्च सरता सरता, एका रविवारी सकाळी, मी डबा वर आणला. शैलेंद्र म्हणाला, अजून थंडी आहे, राहू दे ना. मी झाकण काढून माती बाजूला केली. आत तुरीची डाळ होती, झिपच्या पिशवीत, वजनाला बरोबर भरेल एवढी.

मी नाशिकला असताना त्याने मित्रांना मॅच बघायला बोलावलं होतं. बिअर लवकर गार व्हावी म्हणून पंतांच्या फ्रिजचं थंडीचं बटण पूर्ण फिरवलं आणि परत फिरवायला विसरला. सकाळी बाटल्यांचा बर्फ झाला होता. चूक झाली, माणसाकडून होते. तेवढ्यावर मी रडले असते, चार दिवस अबोला धरला असता. पण त्याने इलाला फोन केला, आणि दोघांनी मिळून डाळ मोजली.

"तू लग्नघरात होतीस," तो म्हणाला. "आल्यावर सांगणार होतो. मग तू रोज खाली जायला लागलीस, इतकी खुशीत... हिंमतच झाली नाही यार. तुझ्या काळजीपोटीच केलं ना?"

"मी दोन महिने डाळीला हवा घातली, शैलेंद्र."

केसाने गळा कापला होता माझा, दोघांनी, आणि वर माझीच काळजी. लेकीने तर माझं कौतुकही करून टाकलं होतं.

मी तिथून उठले आणि नाशिकला फोन लावला. का लावला, सांगता येत नाही. आईचा आवाज ऐकायचा होता. तिकडे संध्याकाळ होती. दादाने उचलला. आईला दे म्हटलं, तर म्हणाला, ती बरी आहे गं, आत्ताच झोपलीये.

"उठव तिला."

"अगं, कालपासून जरा कणकण होती, आत्ता कुठे डोळा लागलाय."

"दादा, मला तिचा चेहरा दाखव. आत्ता."

तो चिडला, पण आत गेला. दिवा लागला. उशीवर आईचं डोकं दिसलं, पांढरे केस चेहऱ्यावर आलेले. दादाने खांद्याला हात लावला. ती हलली नाही. त्याने पुन्हा हलवलं. मग तिने डोळे उघडले, चष्मा चाचपला आणि फोनमध्ये घाबरून बघितलं. झोपेतून उठवून लेकीचा फोन म्हणजे काहीतरी झालंय, हे ती ओळखते.

"काय गं सुवर्णा? रडलीयस का? काय झालं?"

शैलेंद्र दारात उभा राहून ऐकत होता.

"काही नाही, आई," मी म्हटलं. "सगळं छान आहे. तू झोप."