रुईवरचं घर

छत

मोताळ्यात आठवडी बाजाराच्या दिवशी भाजीवाल्यांची रांग जिथे संपते, तिथे पंजाबरावांचा गादी कारखाना. खाली रुईचे ढीग, पिंजायची मशीन, भिंतीशी रचलेल्या गाद्या. वर घर. पंजाबराव, त्यांची बायको आशाबाई, मुलगा गोविंदा आणि सून जयमाला रुईवरच झोपत म्हणा ना. मधे फक्त एक स्लॅब.

विमा कंपनीला तो स्लॅब पुरेसा वाटत नव्हता. खाली रुई आणि वर स्वयंपाक, म्हणून हप्ता दर वर्षी चढत गेला. या वर्षी पंजाबरावांनी हात झटकले.

"इतके वर्स भरला. लागली का एकदा तरी आग? मंग कायले भरा? दिवाळीपासून बंद."

"आग लागली नाही म्हणून नाराज आहात का मामाजी?" जयमालाने विचारलं.

"तसं नाही वं..."

गोविंदा मशीनमागून हसला. बापाने पाहताच त्याला खोकला आला.

जयमालाला हसू आलं नाही. माहेरी, बीबी गावात, तिच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. एका दुपारी बोर्डातून ठिणगी उडाली आणि संध्याकाळी दुकान नव्हतं. विमा त्यांनी आदल्याच वर्षी बंद केलेला. तेव्हापासून ते दुसऱ्याच्या दुकानात साखर तोलतात, आणि तोलताना मान वर करत नाहीत.

"मी हप्ता कमी करून आणला, तर चालू ठेवाल?"

"आन. मी सोता जाऊन भरतो."

कंपनीने फोनवर सांगितलं होतं: आग विझवायची सोय, पक्की वायरिंग, कुलूपबंद दार, एवढं करा, आमचा माणूस बघून जाईल, मग सूट. जयमाला कामाला लागली. जुनी वायर निघाली, एमसीबी बसले. त्यावर कोणी काही बोललं नाही, कारण वायर कोणाच्या मधे येत नाही.

जिन्याच्या छताला बसवलेला धुराचा भोंगा मात्र आशाबाईंच्या मधे आला. मिरच्यांची फोडणी पडली की तो केकाटे. दोन दिवसांनी तो गप्प झाला. जयमालाने वर पाहिलं, तर भोंग्यावर साडीच्या दुकानाची गुलाबी पिशवी, रबराने आवळलेली.

तिने पिशवी काढली. पिशवी परत आली.

रेती

"आत्याबाई, बादल्यांतली रेती कुठं गेली?" जयमालाने सासूला विचारलं.

"कोनती?"

"लाल बादल्यांतली. आगीसाठी ठेवली होती."

"मंग आगीवरच हाये नं. कढईत."

"आत्याबाई!"

"अवं चाळलेली, धुतलेली रेती! अशी भेटते का आजकाल? फल्लीदाणे पाह्य कसे खमंग भाजले. हात कर."

जयमालाने हात केला. शेंगदाणे खरंच खमंग होते, त्यामुळे भांडणही नीट करता येईना.

मागचं दार

मागच्या गल्लीतल्या रुखमाबाई बाजारात जायला कारखान्यातूनच जात. लग्न होऊन आल्यापासून जात. जयमालाने मागच्या दाराला लोखंडी जाळी लावली आणि जाळीला कुलूप.

दुसऱ्या दिवशी कुलूप होतंच. शेजारी, गल्लीच्या बाजूने, भिंतीत एक नवा खिळा होता आणि खिळ्याला चावी.

"मामाजी, हे काय?"

"कुलूप लावलं नं? चोराले काय मालूम, चावी कोनत्या कुलपाची हाये?"

लाल सिलिंडर

दसऱ्याला जयमाला भावाच्या नव्या ट्रॅक्टरच्या पूजेला बीबीला गेली होती. मागे इथे काय झालं ते तिला ठाऊक नाही, म्हणून या गोष्टीतही नाही. ती परतली तेव्हा तिने आणलेला आग विझवायचा सिलिंडर जागेवर होता. कपाळाला हळदकुंकू, आणि अंग इतकं लख्ख पुसलेलं की संशय यावा.

साहेब

सर्वेअर प्रेमानंद बुलढाण्याहून आले. शांत माणूस, प्रत्येक गोष्टीसमोर उभं राहून आधी चष्मा पुसायचा. एमसीबी पाहून त्यांनी मान डोलावली. मग छताकडे पाहून ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. गुलाबी पिशवी. पुढे लाल बादल्या. एकीत रेती, दुसरीत शेंगांची टरफलं. मागच्या दारापाशी पोचले, तोच रुखमाबाईंनी खिळ्यावरची चावी घेऊन कुलूप उघडलं, आत आल्या, पुन्हा लावलं, जाळीतून हात घालून चावी खिळ्याला अडकवली, "रामराम साहेब" म्हणाल्या आणि बाजारात निघून गेल्या.

शेवटी सिलिंडर. काटा लाल पट्टीवर होता.

"हा रिकामा आहे, ताई."

"नाही हो साहेब. नवा आहे. वापरलाच नाही."

गोविंदा मशीनचा पट्टा तपासू लागला, मशीन बंद असताना.

"मला दिसलं तेच लिहावं लागेल," प्रेमानंद म्हणाले. "यात सूट बसत नाही. दिवाळीच्या आधी या बाजूला परत येणार आहे. तोवर हे सगळं नीट झालं तर सांगा."

जयमाला जिन्यावर जाऊन बसली, नेमकी गुलाबी पिशवीच्या खाली. हप्ता उतरला नव्हता. आता विमा बंद. पंजाबराव जिंकले होते. ते जिना चढून आले आणि दोन पायऱ्या खाली बसले.

"मी उडवला तो."

"काय?"

"सिलिंडर. दसऱ्याले मशीनले हार, कैचीले हार. म्हटलं हे बी अवजारच हाये, याले कायले उपाशी ठेवा? हार अडकवाले जागा सापडेना. वर कडी होती, तिले अडकवला. संध्याकाळी हार ओढला तं कडी बी हातात आली. मंग पाहाले गेलो, दांडी दाबली तं काय होते... तुही आत्याबाई त्या पावडरीनं भुतावानी पांढरी झालती. रुईच्या कारखान्यात पांढरं काय दिसते कोनाले? तिघांनी मिळून झाडलं."

जयमालाला हसायचं नव्हतं. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, आणि मग ते हसू राहिलंच नाही. तिने पदर तोंडाला लावला.

पंजाबरावांनी जिन्याच्या कठड्याला चिकटलेली रुई नखाने काढली.

"तुहा बाप अजून त्याच दुकानात हाये?"

"हाव."

ते उठले, टाच उंच करून वर हात घातला आणि पिशवी ओढून काढली. रबर त्यांच्या नाकावर बसलं.

पुन्हा तेच सगळं

सिलिंडर भरून आणायला पंजाबराव स्वतः एसटीने बुलढाण्याला गेले. तो मांडीवर घेऊन बसले होते, आणि कोणाला कडीला हात लावू देत नव्हते. आशाबाईंनी कढईची रेती वेगळ्या डब्यात काढली आणि लाल बादल्यांना लोणच्याच्या बरणीसारखी फडकी बांधली. भिंतीतला खिळा उपटला. चावी रुखमाबाईंच्या पदराला गेली.

"म्हंजे आता राखन बी माह्याचकडे का पंजाबराव?"

"हाव. पगारात फल्लीदाणे."

प्रेमानंद परत आले, उंबऱ्यात पाय ठेवला, आणि वर आशाबाईंनी तापल्या तेलात मिरच्या टाकल्या.

भोंगा केकाटला. गोविंदाने मेन स्विच पाडला. जयमालाने सिलिंडर उचलला, पंजाबरावांनी दोन्ही बादल्या. मागची जाळी खडखडली, रुखमाबाई पदराच्या चावीने आत शिरल्या आणि पहिला हाती लागला तो माणूस, म्हणजे विमा कंपनीचे साहेब, मनगटाला धरून गल्लीत ओढला.

"भाईर निंगा आधी!"

वरून आवाज आला, "काई नाही हो! ठेचा हाये!"

"ठेचा असो का काई असो," पंजाबराव ओरडले, "तू खाली ये पह्यले!"

आशाबाई उलथनं हातात घेऊन खाली आल्या. गल्लीत सगळे एकदम खोकत होते. प्रेमानंदांनी चष्मा काढला. या वेळी पुसायला नाही, डोळ्यांत मिरची गेली म्हणून.

दिवाळी

सूट मिळाली. जयमालाने धरली होती त्यापेक्षा कमी, कारण रुईवर घर ते घरच. त्यावर कुलपाचा इलाज नाही आणि बादलीचाही नाही. पंजाबरावांनी गोविंदाच्या मोबाईलवर आलेला कंपनीचा मेसेज लांब धरून वाचला.

"एवढीशी?"

"एवढीशीच, मामाजी."

"बरं," ते म्हणाले आणि टोपी घालून हप्ता भरायला निघाले.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्यांनी रोज मशीनसमोर लागणारा तेलाचा दिवा उचलला आणि बाहेर ओट्यावर नेऊन ठेवला. मग झेंडूचा हार घेऊन लाल सिलिंडरसमोर उभे राहिले. एकदा डावीकडून पाहिलं, एकदा उजवीकडून.

"जयमाला! इकडे ये बरं. याले हार कुठून घालू?"

तिने हार घेतला आणि सिलिंडरच्या पोटाभोवती गुंडाळला, कडीपासून लांब. पंजाबरावांचं बोट कडीकडे गेलं. त्यांनी स्वतःच्याच हातावर एक हलकी चापट मारली आणि दोन्ही हात जोडले.