गुळाच्या जखमा

वर्षभर मी नवऱ्या सजवते आणि गुड फ्रायडेला जखमा करते. दोन्हीकडे लोक रडले पाहिजेत, नाहीतर आमच्या चर्चमधल्या बायका वर्षभर नावं ठेवतात.

यंदा चर्चच्या गुड फ्रायडेच्या नाटकात येशूचं काम पैलीला मिळालं. पैलीच्या पायाला भिंगरी. दोन नोकऱ्या, रिक्षा, बदकं, सगळं करून सोडलेलं. त्याला वर्की वाण्याची लिल्ली हवी होती आणि लिल्लीलाही तोच हवा होता. वर्की म्हणाला, "क्रुसावर मेल्यावर हलला नाहीस, तर पोरगी द्यायचं बघू." त्याचंही चूक नव्हतं. गेल्या वर्षी पैली येशूशेजारच्या क्रुसावरचा चोर झाला होता आणि मेल्यावर त्यानं नाक खाजवलं होतं.

दुपारी मी जिलेटीन वितळवायला घेतलं. फाटलेली कातडी त्याच्याइतकी कशानंच जमत नाही. तेवढ्यात कुंजेल्याम्मा डोकावल्या. ऐंशी उलटली, पण नाक शाबूत आहे.

"थ्रेस्या, हे कशाचं गं?"

"हाडांचं," मी बोलून गेले. माझ्या जिभेला हाड नाही, दुसरं काय.

"उपासाचे पन्नास दिवस आम्ही मासळीचा वास घेतला नाही, आणि तू देवाच्या अंगाला गुराची हाडं फासतेस?"

तक्रार अच्चनांकडे, म्हणजे आमच्या पाद्रींकडे गेली. आमचे अच्चन एकवेळ बिशपशी भांडतील, कुंजेल्याम्मांशी नाही. जिलेटीन बंद झालं. मग मी तांदळाच्या पिठाची खळ शिजवून जखमांच्या कडा उभारल्या, आणि रक्तासाठी गुळाच्या दाट पाकात लाल रंग कालवला. गूळ वर्कीच्याच दुकानातला. त्यात इतकी भेसळ, की मुंगीसुद्धा तोंड लावत नाही, असं सगळं गाव म्हणतं. म्हणून मी निर्धास्त होते.

क्रूस मात्र ताज्या तोडलेल्या आंब्याचा होता. पैलीनं मान टाकली. वर्की पुढच्याच रांगेत हाताची घडी घालून बसलेला. आणि लाकडाच्या फटीतून तांबड्या मुंग्यांची रांग बरगडीच्या जखमेकडे निघालेली मला दिसली.

मी तोंडात पदर कोंबला. एक मुंगी काखेत शिरली, मग चार शिरल्या. पैलीची पोटरी थरथरली, पण तो हलला नाही. मिटल्या डोळ्यांतून पाणी तेवढं आलं. ते बघून बायका ओक्साबोक्शी रडायला लागल्या. कुंजेल्याम्मा माझ्या हातांना आशीर्वाद देत होत्या. मीही रडले, पण मला त्या पोराची कीव आली होती.

खेळ संपल्यावर वर्की मागे आला. पैलीच्या अंगभर गांधी उठल्या होत्या.

"जखमा झकास होत्या," तो मला म्हणाला. "हे फोड मात्र खोटे वाटतात." आणि त्यानं एक फोड बोटानं दाबला.

पैली उडाला तो थेट नाटकातल्या पिलाताच्या खुर्चीवर जाऊन आदळला.

"मुंग्या चावल्यात त्याला!" माझं डोकंच फिरलं. "तुमच्या गुळाला लागलेल्या. एवढा वेळ सोसलं पोरानं, तुमच्यापायी."

वर्की थबकला. "माझ्या गुळाला? मुंग्या?"

"तुमच्याच."

त्यानं पैलीच्या मानेवरची एक मुंगी हलकेच चिमटीत धरली आणि बाहेर गेला. डोळे पुसत घरी निघालेल्या एकेकाला थांबवून त्यानं ती दाखवली. कुंजेल्याम्मांना तर दोनदा. परत आला तो छाती फुगवूनच.

"ईस्टर झाला की आईला घेऊन घरी ये," तो पैलीला म्हणाला. "आता बस जरा शांत."

"लग्न करतो, दुकानही सांभाळतो," पैली पाठ खाजवत म्हणाला. "बसायचं तेवढं आज सांगू नका."