मारुतीपुढचा फेस

तळेगावच्या लक्ष्मणरावांना एखादी गोष्ट एकदा जमली, की ती आणखी चार ठिकाणी करून पाहिल्याशिवाय चैन पडत नसे. या खेपेला त्यांना न्हाणीघर जमलं होतं. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं टाइल्सवर पांढरी पुटं चढली होती. ती घासून घासून विमलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, हात टेकले होते. लक्ष्मणरावांनी अॅसिड आणून ओतलं, फसफसून फेस आला, पाणी मारलं आणि टाइल्स लखलखल्या.

"फेस आला म्हणजे मळ निघून राह्यला," त्यांनी विमलाबाईंना शास्त्र सांगितलं, आणि त्याच तोऱ्यात उरलेल्या बाटल्या पिशवीत टाकून मारुतीच्या देवळाकडे निघाले. दुसऱ्या दिवशी हनुमान जयंती होती, आणि देवापुढच्या संगमरवरी ओट्यावरही तशीच पुटं दिसत होती.

तो ओटा किराणा दुकानवाल्या मोतीलालजींनी वडिलांच्या आठवणीत बांधून दिलेला. चंद्रभानजींचं नाव त्यात काळ्या अक्षरांत कोरलेलं. त्या नावाला हात लावल्याशिवाय मोतीलालजी दुकानाचं शटर उघडत नसत.

लक्ष्मणरावांनी पहिली बाटली उपडी केली. न्हाणीत आला नव्हता एवढा फेस आला! लक्ष्मणराव हरखले. तेवढ्यात मोतीलालजीच तिथे आले.

"काय चालू आहे जी, लक्ष्मणराव?"

"तुमच्या ओट्याची आंघोळ. पाहा, कसा मळ निघून राह्यला!"

मोतीलालजी उकिडवे बसून बघत राहिले. "अरे बापा! एवढा मळ? पुजारी वर्षभर करते तरी काय?" मग त्यांचं लक्ष नावाकडे गेलं. "अन् नावावर काऊन नाई टाकलं?"

"म्हटलं, तुमाले विचारून टाकावं."

"त्यात विचारायचं काय? आणा इकडं."

दुसरी बाटली मोतीलालजींनी स्वतःच्या हातानं वडिलांच्या नावावर ओतली. अक्षराअक्षरातून बुडबुडे उसळले. मोतीलालजींचे डोळे भरून आले. "बाबाले स्वच्छतेची लय आवड होती," ते म्हणाले.

लक्ष्मणरावांची पुतणी सुरभी शाळेत विज्ञान शिकवायची. ती स्कूटीवरून घरी चालली होती. देवळापुढचा फेस पाहून तिनं गाडी जागच्या जागी उभी केली.

"मोठेबाबा, थांबा! काय टाकून राह्यले?"

"अॅसिड. न्हाणीतल्या टाइल्स कशा निघाल्या, पाह्यल्या ना तू?"

"टाइल्स भाजलेल्या मातीच्या, त्याइले ते काही करत नाई. त्याच्यावरलं पांढरं पुट अन् हा संगमरवर, दोघाइची जात एकच. तिथं अॅसिडनं पुट खाल्लं, इथं ओटाच खाऊन राह्यलं."

"म्हणजे हा मळ..."

"मळ नाई, दगड आहे तो! त्याचा वायू होऊन उडून राह्यला, अन् बाकीचा पाण्यात विरघळून नालीत चालला."

मोतीलालजींनी नालीकडे पाहिलं. "बाबा!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

सुरभीनं भराभर बादल्या ओतल्या आणि मोतीलालजींना दुकानातून खाण्याचा सोडा आणायला पिटाळलं. सोडा भुरभुरला तसा पुन्हा फेस आला. लक्ष्मणरावांचा जीव भांड्यात पडला. "पाह्य, पाह्य! अजून मळ आहे!"

"मोठेबाबा, हा उरलेल्या अॅसिडचा अन् सोड्याचा फेस आहे. एक आम्ल, दुसरा अल्कली. भेटले की एकमेकाले थंड करतात. मागं मीठ अन् पाणी उरते, अन् वायू उडून जाते. फेस थांबला, की भांडण मिटलं समजा."

ओट्यावरचं भांडण मिटलं आणि ओट्याखालचं पेटलं.

"बाटली कोणं आणली?" मोतीलालजी गरजले.

"अन् नावावर कोणं ओतली?"

मोतीलालजी पाय आपटत निघून गेले.

ओटा वाळला तेव्हा पीठ फासल्यासारखा दिसू लागला. बोट फिरवलं तर खरखरीत. चंद्रभानजींचा काळा रंग उडाला होता, कडा झिजल्या होत्या. घोटाईच्या मशीननं चकाकी परत येईल, असं सुरभीनं सांगितलं. पण मिस्त्री जयंती झाल्याशिवाय येईना. मग लक्ष्मणरावांनी घरची सतरंजी आणून ओट्यावर अंथरली.

जयंतीच्या पहाटे ते सतरंजी सांभाळायला येऊन पाहतात, तर मोतीलालजी आधीच नेमके नावावर मांडी घालून बसलेले. लक्ष्मणराव दुसऱ्या टोकाला टेकले. कोणी कोणाशी बोलेना. जन्म झाला, आरती झाली, ऊन डोक्यावर आलं, तरी दोघं हलले नाहीत.

"उठा ना जी, पंगत बसली," सुलोचनाबाई, मोतीलालजींच्या मंडळी, सांगायला आल्या.

"देवापुढून उठवत नाई," मोतीलालजी म्हणाले. लक्ष्मणरावांनी डोळे मिटून घेतले.

गावात बातमी फिरली. म्हाताऱ्या बायका दोघांच्याही पाया पडून गेल्या. पत्रावळी जागेवरच आल्या आणि वर ताकाचे दोन दोन गिलास. दुसरा गिलास रिकामा झाल्यावर मोतीलालजी चुळबुळू लागले. शेवटी मान न वळवता ते हळूच म्हणाले, "लक्ष्मणराव."

"काय जी?"

"मले जरा मागं जाऊन याचं आहे."

लक्ष्मणराव बसल्या बसल्याच सरकत त्यांच्याजवळ आले. "जा तुमी बिनधास्त," ते म्हणाले, "मी बसतो बाबावर. अन् लवकर येजा, मलेही जाणं आहे."