पट्टी कधी काढायची?

"मिठावर?" त्र्यंबकरावांनी चष्मा कपाळावर ढकलला. "म्हणजे जेवणातल्या मिठावर?"

"मिठागरांवर, सर. तिथं राबणाऱ्या बायकांच्या गाण्यांवर," नीला म्हणाली. वर्षभरात हे वाक्य तिनं इतक्या विश्वस्तांसमोर म्हटलं होतं की झोपेत कुणी 'मीठ' म्हणालं असतं तरी ते तोंडून आपोआप बाहेर पडलं असतं.

ठाण्याला नौपाड्यातल्या त्या ट्रस्टच्या कचेरीत तिघं विश्वस्त बसले होते. एकाला डुलकी लागली होती, एक मोबाइलमध्ये बुडाले होते. उरलेले त्र्यंबकराव मात्र मनापासून मदत करू पाहत होते.

"बघा हं, आमच्याकडे मेडिकलला फंड आहे, इंजिनिअरिंगला आहे, परदेशी जाणाऱ्यांना आहे. तुमच्या प्रबंधात ब्लडप्रेशरचं एखादं प्रकरण घालता येईल का? मीठ बेतानं खावं, असा काही निष्कर्ष? म्हणजे मेडिकलमध्ये बसवता येईल."

"त्या बायका ब्लडप्रेशरवर गायच्या नाहीत, सर. मुकादमावर गायच्या."

"ते एका अर्थी ब्लडप्रेशरच," असं म्हणून त्र्यंबकराव स्वतःच खळखळून हसले. माणूस भला होता. त्यांनी चहा पाजला, विषय उत्तम असल्याचं दोनदा सांगितलं आणि ट्रस्टचं कॅलेंडर हातात देऊन तिला निरोप दिला. अशी कॅलेंडरं तिच्या घरी आता प्रत्येक खोलीत एक या हिशेबानं जमली होती.

नीला अहिरे कल्याण पूर्वेला कोळसेवाडीत राहायची. चाळिशीला टेकली होती. मराठीची प्राध्यापक होती, पण तासिका तत्त्वावर; म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे आणि मे महिन्यात नुसतं आंब्याकडे बघायचं. सकाळी डोंबिवलीचं कॉलेज, दुपारी कल्याणचं, संध्याकाळी दहावीचा क्लास. फेलोशिप कधीच संपली होती. गाणी सगळी गोळा झाली होती, डोक्यात प्रबंधही तयार होता, फक्त बसून लिहायला वेळ नव्हता. विद्यापीठानं शेवटची मुदतवाढ दिली होती. वर्षभरात प्रबंध सादर झाला नाही तर नोंदणी रद्द आणि सात वर्षांची मेहनत पाण्यात. "खाऱ्या पाण्यात," असं तिचा नवरा रवींद्र म्हणायचा. तो एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होता आणि त्याच्या पगारात घराचा हप्ता जेमतेम सुटायचा. तास आणि क्लास सोडून नीलानं एक वर्ष घरी बसायचं, तर ते वर्ष कुणीतरी पोसायला हवं होतं. साहित्याच्या माणसाला पोसणारं तूर्त कुणी दिसत नव्हतं.

कॅलेंडर काखेत मारून ती कोलशेतच्या बसमध्ये बसली. गोदाआजींचा निरोप आला होता, एक गाणं आठवलंय म्हणून.

गोदा भोईर म्हणजे तिच्या प्रबंधाचा अर्धा जीव. म्हातारीनं उभी जवानी मिठागरात मिठाच्या टोपल्या वाहण्यात घालवली होती. आता मिठागर गेलं होतं, शेतावर टॉवर उभे राहिले होते आणि भोईरांच्या तीन मजली बंगल्याला लिफ्ट होती. आजी लिफ्टमध्ये पाय ठेवत नसे. मात्र रोज सकाळी जिना चढून गच्चीवर जायची, ती उन्हं उतरेपर्यंत तिथंच. नातू मयूर आसपास असला की ती देवाधर्माचं, सोज्वळ असं काहीतरी गायची. तो गाडी काढून गेला रे गेला की मग खरं गाणं निघायचं. त्यात मुकादमाच्या मिशीपासून धोतरापर्यंत काहीही सुटायचं नाही. नीलाचा रेकॉर्डर अशा वेळी हसण्यानंच भरून जायचा.

"काय बोलली ती लोका?" आजीनं विचारलं.

"विषय चांगला आहे म्हणाले."

"पैसं?"

"पैसे नाहीत, आजी. कॅलेंडर दिलं."

आजीनं कॅलेंडर उलटंसुलटं करून पाहिलं आणि जिन्याकडं तोंड करून हाक मारली, "ये मयूर! इकरं ये. या पोरीचं काम थांबलंय. तू त्या किरकेटवाल्यांना देतंस, डीजेवाल्यांना देतंस. हिला दे."

मयूर वर आला. तीस-बत्तिशीचा, गळ्यात बोटाएवढी जाड चेन, रेती-विटा पुरवण्याचा धंदा. नीलाहून चांगला आठ-दहा वर्षांनी लहान, तरी ती त्याला मयूरदादाच म्हणायची. ठाण्यात ज्याचा फोटो नाक्यावर लागतो तो दादा, वय विचारायची पद्धत नाही.

"बोला मॅडम, किती लागतील?"

नीलानं वर्षाच्या घरखर्चाचा आकडा सांगितला. सांगताना आवाज आपोआप खाली गेला.

"एवढेच?" मयूर चकित झाला. "अहो, आमच्याकडे एका हळदीचं बजेट याच्यावर जातं. झालं तुमचं काम. दर महिन्याला खात्यात टाकतो. फक्त एक फोटो पाठवा उद्या, जरा चांगलासा."

नीलाला वाटलं, हिशेबासाठी कुठंतरी लावायचा असेल. तिनं लायब्ररी कार्डावरचा फोटो पाठवून दिला. त्या रात्री नवरा-बायकोनं श्रीखंड आणून खाल्लं, आणि नीलानं क्लासच्या मालकाला महिन्याभराची नोटीस दिली.

पुढच्या आठवड्यात ती रिक्षानं कोलशेतला निघाली होती. माजिवड्याच्या नाक्यावर सिग्नल लागला. रिक्षावाला आरशातून तिच्याकडं बघायला लागला, मग बाहेर बघायला लागला, मग पुन्हा आरशात.

"ताई, ते तुम्हीच का ओ?"

नीलानं मान बाहेर काढून पाहिलं. एखादा टेम्पो झाकला जाईल एवढा बॅनर. डावीकडं गॉगल लावलेला मयूर, कमरेपासून वर, मोबाइल कानाला. खाली त्याच्या मित्रमंडळाची एका रांगेत डोकी. उजव्या कोपऱ्यात लायब्ररी कार्डावरची नीला, घाबरल्यासारखी. आणि मधोमध लालभडक अक्षरांत: 'डॉ. सौ. नीलाताई रवींद्र अहिरे यांचे पीएच.डी.साठी हार्दिक अभिनंदन!'

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं. नावाआधीचं ते एक अक्षर तिनं वहीच्या मागच्या पानावर कितीदा तरी लिहून खोडलं होतं. आता ते भर नाक्यावर हातभर उंच उभं होतं. मग सिग्नल सुटला आणि तिला प्रबंध आठवला. त्याची एकूण पाच प्रकरणं व्हायची होती आणि त्यातली तीन अजून डोक्यातच होती.

फोन वाजायला लागले. आधी रवींद्रचा. "अगं, विहाराच्या ग्रुपवर फोटो फिरतोय. रविवारी तुझा सत्कार ठरलाय. आई पेढे वाटून पण आली. मी काय करू, शाल घेऊ का लपून बसू?"

मग क्षिप्रा मॅडमचा. या तिच्या गाइड, बोलणं कायम मोजूनमापून.

"अभिनंदन, डॉक्टर. तिसरं प्रकरण कधी पाठवताय?"

"मॅडम, मला खरंच काही माहीत नव्हतं..."

"ते मला कळतंय हो. पण हा फोटो उद्या कुणी विद्यापीठात पाठवला, तर पदवी नसताना पदवी लावली म्हणून तुम्हाला विचारतील आणि मलाही. तो फलक आज संध्याकाळच्या आत उतरायला हवा."

बंगल्याच्या गच्चीवर मयूर मोठ्या अपेक्षेनं उभा होता. "बघितला? कसा वाटला? फोटो जरा पासपोर्टवाला दिलात तुम्ही, नायतर अजून मोठा केला असता."

"मयूरदादा, मी अजून डॉक्टर झालेली नाही."

"मग? होणारच ना? आम्ही चषकाचा बॅनर लावतो तेव्हा टीमा तरी कुठं आलेल्या असतात? आधी बॅनर लागतो, मग समदं होतं. बॅनर लागला की करावंच लागतं."

नीलाला क्षणभर हे म्हणणं पटलंसुद्धा. पण तिनं मान हलवली. "तो आज काढावा लागेल."

मयूरचा चेहरा पडला. "मॅडम, मयूर भोईरचा बॅनर आजपर्यंत एकदा पण खाली उतरलेला नाय. लोकं बोलतील, ह्याला कोणीतरी तोंडावर पाडला. मग मी कुठल्या तोंडानं पैसे देऊ?"

म्हणजे बॅनर उतरला की वर्षही उतरलं. नीलाच्या डोळ्यांसमोर दहावीचा क्लास आला, तो ट्यूबलाइटचा पिवळा उजेड, ती बाकं. नोटीस मागं घेता येईल का, हाही विचार मनात येऊन गेला.

"नका देऊ. पण खोटं नाव लावून मला पुढं लिहिता येणार नाही, दादा."

इतका वेळ आजी जवळ्याच्या बारीक सुकटीतला कचरा निवडत होती. तिनं मान वर केली. "काय लिवलंय त्याच्यान?"

"डॉक्टर, असं लिहिलंय, आजी."

"मंग तू झालीस डाक्टर?"

"नाही. अजून वर्ष आहे."

आजी नातवाकडं वळली. "आमी आगरान मीठ पिकायच्या आदी टोपली नाय उचलली कदी. न तू बिगर मिठाची रास लावलीस नाक्यावर?"

"आजी, पण काढला तर आपली इज्जत..."

"काडाला कोन सांगतंय? झाक. हिचं पिकलं का मंग उघर. तवर पैसं देस जा गपचूप."

हळूहळू मयूरच्या चेहऱ्यावर हसू आलं. बॅनर उतरणार नव्हता, हे त्याला कळलं होतं.

संध्याकाळी त्याची पोरं शिडी घेऊन नाक्यावर गेली. 'डॉ.'वर पांढरी पट्टी चिकटवली. 'अभिनंदन'वर 'शुभेच्छा' लावायचं ठरलं. कुणाच्या तरी वाढदिवसाची उरलेली पट्टी गोडाऊनमध्ये होतीच. त्यामुळं नीलाच्या पीएच.डी.ला दोन फुगे आणि एक केक चिकटला. पण क्षिप्रा मॅडमनी फोटो पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि "हे चालेल," एवढंच म्हणाल्या. सत्कार पुढं ढकलला गेला. सासूबाईंनी वाटलेले पेढे मात्र परत मागता येईनात, तेव्हा ते ॲडव्हान्स धरले गेले.

मयूरनं शब्द पाळला. दर महिन्याला पैसे यायचे आणि मागोमाग फोन.

"मॅडम, पट्टी कधी काढायची?"

कारण नाक्यावर येणारा-जाणारा त्याला विचारायचा, पट्टीखाली काय आहे म्हणून. मयूरची झोप उडाली होती. गणपतीत फोन आला, दिवाळीत आला, चौथं प्रकरण अडलं तेव्हा आला. एकदा नीला रडकुंडीला येऊन म्हणाली, "दादा, नाही जमत हो मला." तर तो म्हणाला, "असं नका बोलू, माझी इज्जत तिथं लटकलीये." गाइडच्या ताशेऱ्यांनी जे झालं नसतं ते या एका वाक्यानं झालं. लोकांना प्रबंध पुरा करायला ध्यास लागतो म्हणतात. नीलाला नाक्यावरची पट्टी पुरली.

शेवटी निवडणुकीचे बॅनर आले आणि जुने सगळे उतरले. आजीनं हा बॅनर मागून घेतला. "एवरं जाड कापर टाकतात व्हय?" असं म्हणाली आणि त्यावर गच्चीत जवळा सुकत घालायला लागली.

प्रबंध मुदतीच्या चार दिवस आधी सादर झाला. तोंडी परीक्षेला पुढचं वर्ष उजाडलं. बाहेरच्या परीक्षकांनी मुकादमाच्या धोतराचं गाणं पुन्हा ऐकवायला लावलं आणि सगळी खोली हसली. दुपारी नीला पेढ्यांचा बॉक्स घेऊन थेट कोलशेतला आली. वाटेतून तिनं मयूरला फोन केला. तो साइटवर होता.

"झालं? झालं ना?" तो इतक्या मोठ्यांदा ओरडला की मागची मिक्सरची घरघर ऐकू येईनाशी झाली. "नवीन बॅनर! डबल साइज!"

"नको हो दादा. जुनाच पुरे."

"मग निदान पट्टी?"

"ती आजी काढतील."

गच्चीवर आजी एकटीच होती. गेल्या पावसाळ्यापासून तिचा आवाज बसला होता. बोलायची ती कुजबुजल्यासारखी आणि गाणं तर आता येतच नव्हतं. ती सगळी गाणी नीलाच्या रेकॉर्डिंगमध्ये आणि त्या जाड प्रबंधात तेवढी राहिली होती. नीलानं पाया पडून पेढा दिला. आजीनं तो गालात धरला.

"पिकलं?"

"पिकलं, आजी."

आजी गुडघ्यावर हात टेकत उठली. बॅनरवरचा जवळा तिनं हातानं बाजूला सारला. तिला अक्षर येत नव्हतं, पण पट्टी कुठं आहे ते बरोबर ठाऊक होतं. नखं चालेनात, तेव्हा नीला पुढं झाली. आजीनं तिचा हात झटकला. कडेनं थोडं थोडं उचकटत, दम खात, तिनं ती पट्टी ओढून काढली.

दोन उन्हाळ्यांनी बाकीचा बॅनर धुऊन काढला होता. मयूरचा गॉगल फिकट पडला होता, मित्रमंडळाची डोकी ओळखू येत नव्हती, नीलाच्या चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरट डाग उरला होता. पट्टीखालचं 'डॉ.' तेवढं कालच छापल्यासारखं लालभडक होतं.

नीलाच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही. आजी कितीतरी वेळ त्या अक्षराकडं बघत बसली. मग तिनं बाजूला सारलेला जवळा परत पसरायला घेतला, सगळा नीट, एकसारखा, तेवढी जागा मोकळी सोडून.